देव मानत नाही, पण अध्यात्म सुटत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मराठवाड्यात घरात एखादं पोरगं देव न मानणारं निघालं की दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू होते. घरचे म्हणतेत हा बिघडला, आणि पुरोगामी मित्र म्हणतेत तू अजून कीर्तनाला जातोस म्हणजे तुझं कच्चंच आहे. त्या पोराला आतून काय वाटतंय हे कोणीच विचारत नाही. मी कॉलेजपासून देव मानत नाही, आणि तरी माझ्या जगण्यात असं बरंच काही आहे ज्याला मी अध्यात्मच म्हणतो आणि ते मला सोडायचं नाही. लोक सारखे जे विचारतेत ते खाली घेतलंय, जिथं बोलण्यासारखं जास्त आहे तिथं जास्त बोललोय.

सरळ सांगा, नास्तिक माणूस आध्यात्मिक असू शकतो का?

हो. नास्तिक म्हणजे एवढंच की जग चालवणारा, नवस ऐकणारा, पापाची शिक्षा देणारा कोणी वर आहे ह्यावर माझा विश्वास नाही, कारण तसं मानायला काही आधार दिसला नाही. आता ह्यात मन शांत करू नये, कशानं भारावून जाऊ नये, स्वतःच्या पलीकडं बघू नये असं कुठं आलं? देव नाही हे एक मत झालं. ते मत घेऊन रोज जगायचं कसं, दुःख आलं तर काय करायचं, राग आवरायचा कसा, मरणाची भीती कशी पेलायची हे प्रश्न नास्तिकाला पण सुटत नाहीत, आणि त्यांच्याशी झगडणं हेच माझ्या लेखी अध्यात्म.

पण देव काढला तर अध्यात्मात उरतं काय?

लई उरतं. वेरूळला 10 नंबरचं लेणं आहे, लोक त्याला सुतार का झोपडा म्हणतेत. आत गेलं की वरचं छत कमानीसारखं, आणि त्याला लाकडाच्या वाशांसारख्या फासळ्या, पण सगळं दगडात कोरलेलं. समोर स्तूप आणि त्याला टेकून बसलेला बुद्ध. एकदा दुपारच्या वेळी गर्दी कमी होती तर एका माणसानं तिथं उभं राहून नुसता एक स्वर लांबवला. तो थांबला तरी आवाज थांबेना, छतावरून फिरून परत अंगावर येत होता, आणि आत होते तेवढे सगळे गप्प झाले, शाळेच्या सहलीची पोरं सुद्धा. त्या वेळेपुरतं माझं लोन, माझं ऑफिस, कोणी काय बोललं, काही डोक्यात नव्हतं. मी कमी झालो होतो आणि बरं वाटत होतं.

आता त्यात चमत्कार काहीच नाही. दगडाच्या गुळगुळीत, वळलेल्या छतावरून आवाज परतत राहतो, एवढंच. पण कारण कळलं म्हणून ते वाटणं कमी होत नाही, माझं तर वाढतं, कारण मंग तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी छिन्नी घेऊन वर बघत एकेक फासळी काढणारा माणूस डोळ्यापुढं येतो. भारावून जाणं, आपला मीपणा थोडा वेळ बाजूला पडणं, आपल्या मनात काय चाललंय ते न पळता बघणं, आणि दुसऱ्याचं दुखणं आपल्याला लागणं, ह्यातल्या कशालाच देवाची परवानगी लागत नाही. देव मानणाऱ्यांना पण हेच हवं असतं, ते देवाच्या वाटेनं जातेत. वाट वेगळी आहे म्हणून पोचायचं ठिकाण त्यांच्या एकट्याच्या मालकीचं होत नाही.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे ना?

अजिबात नाही, आणि हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण आपण आपलंच विसरलोय. सांख्य दर्शन घ्या. पुरुष म्हणजे जाणीव आणि प्रकृती म्हणजे जड जग, ह्या दोन तत्त्वांवर सगळं उभं केलंय, जग बनवणारा ईश्वर त्यात लागतच नाही, आणि तरी दुःखातून सुटायचं कसं ह्याचा त्यांच्याएवढा बारीक विचार कोणी केला असेल असं वाटत नाही. मीमांसक यज्ञाचे कट्टर पण जगाचा निर्माता त्यांना मान्य नव्हता, कुमारिल भट्टानं त्याच्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केलाय. जैनांचे तीर्थंकर हे जग बनवणारे देव नाहीत. बुद्धानं तर सगळा भर माणसाच्या दुःखावर आणि त्याच्या कारणावर ठेवला. चार्वाकांनी आत्मा, परलोक, श्राद्ध सगळंच नाकारलं, त्यांचं म्हणणं आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथातून कळतं.

वेरूळचाच हिशोब करा. एकूण 34 लेणी. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. म्हणजे 34 पैकी 17 लेणी, बरोबर अर्धी, अशा परंपरांची आहेत ज्यांना जग निर्माण करणारा देव लागत नाही. आपल्या दारातल्या डोंगरात हे शेजारी शेजारी कोरलेलं आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की ह्या परंपरा आजच्या अर्थानं नास्तिक नव्हत्या, चार्वाक सोडले तर बहुतेकांनी पुनर्जन्म आणि कर्म मानलंय. मी तेही मानत नाही. पण निर्माता देव बाजूला ठेवून गंभीर साधना करता येते हे त्यांनी दाखवून दिलं, मला तेवढं पुरतं.

आणि जवळचं उदाहरण पाहिजे असलं तर नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर (1932-1982). उघड नास्तिक, मार्क्सवादी, आणि तरी भरताचं नाट्यशास्त्र असो की मनुस्मृती असो, परंपरा त्यांच्याएवढी मुळातून वाचणारा माणूस विरळा. मनुस्मृतीवर तर सडकून टीका केली. परंपरा न मानणं आणि परंपरा माहीत नसणं ह्यातला फरक त्यांच्याकडं बघून कळतो.

मंग वारकरी संप्रदायात नास्तिकाला जागा आहे का?

संप्रदायाच्या तत्त्वात म्हणाल तर नाही. पांडुरंग हा त्याचा गाभा आहे आणि तो काढून टाका असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. पण गावातला संप्रदाय हा तत्त्वापेक्षा मोठा असतो.

आमच्या गावात चैत्रात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, त्यामुळं पहाऱ्याची यादी मारुतीच्या देवळात भिंतीला चिकटवलेली असते, आणि रात्री दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असतो. तो मी घेतो. गळ्यात वीणा, बाजूला दोन-तीन टाळकरी, त्यातला एक उभ्या उभ्या डुलक्या घेणारा, पटांगणात भाताची मोठी पातेली पालथी घातलेली, मांडवाच्या पडद्याआड आचारी घोरायलेला. रामकृष्णहरी एका चालीत सुरू असतं. सुरुवातीला पाय दुखतेत, झोप डोळ्यावर येती, मंग कधीतरी श्वास त्या चालीला लागतो आणि आपण म्हणतोय का आपल्याकडून म्हणलं जातंय हे कळेनासं होतं. समोर टाळ वाजवणारा तो माणूस असतो ज्याच्याशी बांधावरून आमची बोलाचाल बंद आहे, आणि त्या दोन तासात तो आणि मी एकाच तालात असतो.

मी देव मानत नाही हे गावाला माहिती आहे. आमच्या इथले म्हातारे विणेकरी मला म्हणले, "तू मान नाहीतर नको मानू, वीणा भुईला टेकू देऊ नको म्हणजे झालं."

पण मनात देव नसताना अभंग म्हणायचे म्हणजे ढोंग नाही का?

देव मानतो असं खोटं सांगून, मान मिळवायला किंवा सरपंचकीला उभं राहायला म्हणत असाल तर ढोंगच. मी कोणी विचारलं तर सरळ सांगतो. आणि अभंगात जे आहे ते फक्त देवाबद्दल थोडंच आहे? गंगाखेडची जनाबाई घ्या. परक्याच्या घरात राबणारी दासी, दळण कांडण शेण सगळं तिच्यावर. ती म्हणती विठ्ठल माझ्यासोबत दळू लागतो. देव खरंच येऊन जात्याला बसला असं मी मानत नाही. पण जिच्या हाताला हात लावायला घरात कोणी नाही तिनं स्वतःसाठी सोबती उभा केला आणि त्या जोरावर ती तुटली नाही, हे मला त्या ओळीत ऐकू येतं आणि गळा दाटून येतो. ह्याच्यात खोटं काय आहे?

तसंही चिकित्सा काय आपण नवीन आणली नाही. नवसानं पोरं होत असती तर नवरा कशाला करायचा हे तुकोबाच विचारून गेलेत. गाडगेबाबा पंढरपूरला जायचे, झाडू मारायचे, कीर्तन करायचे, देवळात मात्र जायचे नाहीत, आणि कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न विचारून विचारून देव कुठं आहे ते त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे.

घरी कुळाचार आहे. घट बसवायचे, तुळजापूरला जायचं. नाही म्हणलं तर आई रडती. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात अवघड आहे, कारण ह्याच्यात वाद देवाशी नसतो, आईशी असतो.

माझं मत असं की आधी बघा त्या कुळाचारात नेमकं कोणाचं काय जातंय. शेतातली काळी माती आणायची, पत्रावळीवर पसरून धान्य पेरायचं, मधी घट, नऊ दिवस दिवा तेवत ठेवायचा, रोज एक माळ, नवव्या दिवसापर्यंत कोंब वीतभर होतेत. ह्याच्यात कोणाचं नुकसान नाही. आईसाठी ते तिच्या आईचं, तिच्या सासूचं, सगळ्या बायकांचं आठवणं आहे. मी स्वतः माती आणून देतो, दिव्यात तेल घालतो, आरतीला उभा राहतो. बी रुजताना बघायला मला आवडतं.

पण तिथंच पाळी आली म्हणून सुनेला बाजूला बसवत असतील, उपाशीपोटी नऊ दिवस शुगरच्या पेशंटला उपास करायला लावत असतील, अंगात येतंय म्हणून पोरीला आजारपणात दवाखान्यात नेत नसतील, तर मंग गप्प बसायचं नाही. आई रडली तरी नाही. तिथं शांतपणे, आवाज न चढवता, पण ठाम उभं राहायचं. आणि कुळाचाराचं सगळं काम बायकांनी करायचं आणि पुरुषानं फक्त श्रद्धा आहे का नाही ह्यावर भाषण द्यायचं, हे तर नास्तिकांच्या घरात पण मी बघितलंय, ते आधी बंद करा.

तुळजापूरचं म्हणाल तर मी जातो, आईला गाडीतून नेतो. संबळ वाजायला लागला आणि कवड्यांची माळ घातलेले आराधी नाचायला लागले की अंगावर काटा येतो, तो यायला मी मज्जाव करत नाही.

मी देव मानत नाही पण युनिव्हर्सल एनर्जी, व्हायब्रेशन मानतो. हे चालतं ना?

तुमचं मत तुमच्यापाशी, पण मला हे पटत नाही. ऊर्जा म्हणजे काय हे फिजिक्समध्ये मोजता येतं, ज्यूलमध्ये. ही जी एनर्जी तुमचे विचार ऐकते, तुम्हाला नोकरी देते, पैसा खेचून आणते, ती कशानं मोजायची? ती नवस ऐकणाऱ्या देवासारखीच वागते, फक्त तिला देऊळ नाही. देव मानायचा असला तर मोकळ्या मनानं माना, त्यात लाज काय, आपली निम्मी संस्कृती त्याच्यावर उभी आहे. पण सायन्सचे शब्द उसने घेऊन तेच सांगणं, आणि वरून त्याचा वीकेंड कोर्स विकणं, हे मला देवळातल्या दानपेटीपेक्षा जास्त खटकतं.

ध्यान करायला देव लागतो का? विपश्यना केली तर चालेल?

नाही लागत. विपश्यनेची भारतातली मोठी ओळख सत्यनारायण गोएंकांमुळं झाली, ते 1969 ला म्यानमारमधून इकडं आले आणि इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून चालू आहे. कोर्स 10 दिवसाचा, बोलणं बंद, फोन बंद, पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणाऱ्या जाणाऱ्या श्वासाकडं बघायचं, मंग अंगावरच्या संवेदनांकडं. फी नाही, आधी कोर्स केलेल्यांच्या दानावर चालतं. प्रवचनात पुनर्जन्माचं वगैरे येतं, ते नाही पटलं तर बाजूला ठेवा, श्वास बघायला त्याची गरज पडत नाही.

पण ज्यांना डिप्रेशन आहे, आधी मानसिक आजाराची ट्रीटमेंट झालीये, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय थेट 10 दिवस गप्प बसायला जाऊ नका. आणि ध्यानानं शुगर जाते, कॅन्सर बरा होतो असं कोणी म्हणलं तर तिथून उठा. घरी सुरू करायचं असलं तर पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत, पंधरा मिनिटं बसा आणि श्वास सोडताना जरा लांब सोडा, त्यानं हृदयाची गती खाली येते, हे शरीरच आहे.

आम्ही बौद्ध आहोत. मंग आम्ही नास्तिक का आध्यात्मिक?

हा प्रश्न मी संभाजीनगरला मिलिंद कॉलेजच्या नागसेनवन परिसरात बऱ्याच पोरांच्या तोंडून ऐकलाय, आणि त्याचं उत्तर खरं म्हणजे तुमच्या घरातच आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही आहे. म्हणजे देव स्पष्ट नाकारला. पण नुसतं नाकारून थांबले नाहीत. त्याच प्रतिज्ञांमध्ये सगळ्या प्राणिमात्रांवर दया, खोटं न बोलणं, चोरी न करणं, दारू न पिणं, प्रज्ञा शील करुणा हे सगळं आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत देवाची जागा नीतीनं घेतली. देव नाकारून लाखो माणसं एका दिवसात एका नैतिक जीवनात पाऊल टाकतात, माझ्या मते देवाशिवायच्या अध्यात्माचं ह्याच्याएवढं मोठं उदाहरण जगात कमी असेल, आणि ते आपल्या शेजारच्या नागपुरात घडलंय. मिलिंद कॉलेज त्यांनी मराठवाड्यात काढलं ते पण त्याच विचारातून, बुद्धाच्या शिकवणीवर राजा मिलिंदाच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या भिक्खू नागसेनाचं नाव त्या परिसराला आहे.

अंनिसवाले अध्यात्माच्या विरोधात आहेत का?

नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) सुरू केली आणि ते कायम सांगत आले की आमचा विरोध शोषणाला आहे, लोकांच्या देवाधर्माला नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत 12 प्रकार आहेत, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप चावल्यावर दवाखान्यात न जाऊ देता मंत्र मारणं, असले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. आणि त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वारी, कीर्तन, भजन, प्रवचन, प्रदक्षिणा ह्याला कायदा लागत नाही. कायदा वारी बंद करायला आलाय ही भीती ज्यांनी पसरवली त्यांनी हे कलम लोकांना दाखवायचं टाळलं.

आपल्या मराठवाड्याला ह्याचं मोल जास्त कळलं पाहिजे. भानामतीच्या नावाखाली इथं बायकांचे काय हाल झालेत हे जुन्या माणसांना विचारा.

संकट आलं तर नास्तिकानं कोणाला हाक मारायची?

भगतसिंगानं 1930 मध्ये लाहोरच्या तुरुंगात असताना आपण नास्तिक का आहोत ते लिहून ठेवलंय, आणि त्यात तो लपवत नाही की देव मानणाऱ्याला दुःखात मोठा आधार असतो, न मानणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. फाशी समोर दिसत असलेल्या माणसानं हे लिहिलंय. त्यामुळं नास्तिकाला काही अवघड जात नाही असं मी म्हणणार नाही. जातं.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आसपास. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. कोणी म्हणलं देवाचा कोप, कोणी म्हणलं पाप भरलं. माझ्या नात्यातली एक म्हातारी बाई, तिच्या घरातली सगळी गेली, तिला लोकांचं हे पाप-कोप ऐकून ऐकून असं वाटायला लागलं होतं की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून लेकरं गेली. मला त्या वेळी कळलं की देवाचा आधार असतो तसा देवाचा भार पण असतो. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या वजनाखाली, ज्यात कुठं बांधणीच नव्हती. हे कळलं तर पुढचं घर नीट बांधता येतं आणि त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. तुझं काही चुकलं नाही, जमीन हलली, एवढं तिला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

मंग हाक कोणाला? माणसाला. मित्राला, शेजाऱ्याला, बहिणीला. दुष्काळाच्या साली, कर्जाच्या काळात, पीक हातचं गेलं तेव्हा एकटं राहू नका. नास्तिक माणसानं तर मुद्दाम चार माणसं जोडून ठेवली पाहिजेत कारण देवळाच्या ओट्यावर जी माणसं आपोआप भेटतेत ती त्याला भेटत नाहीत. जगणं नकोसं वाटत असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या कोणाला दुःखात देवाचं नाव घेऊन बरं वाटत असेल तर त्या क्षणी त्याच्याशी देव आहे का नाही ह्यावर बोलू नका, हात धरून बसा.

वडील गेले तर दहावा, तेरवी करायची का?

ज्यांचं माणूस गेलंय त्या सगळ्यांचा विचार करून ठरवा, एकट्या तुमच्या मताचा नाही. वडील भक्त असतील आणि त्यांनी सांगून ठेवलं असेल तर त्यांच्या इच्छेप्रमाणं करा, त्यांचा शेवट त्यांचा आहे. कर्ज काढून हजार माणसाचं जेवण मात्र कोणाच्याच इच्छेनं करू नका.

स्वतःसाठी काय पाहिजे ते लिहून ठेवा आणि घरात सांगून ठेवा. नेत्रदान सहा तासाच्या आत व्हावं लागतं. देहदान करायचं असेल तर संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो, पण तुम्ही फॉर्म भरला तरी शेवटी घरच्यांनी होकार दिला तरच होतं, आणि पोस्टमार्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत. मी भरलाय.

देवाची भीती नाही तर नास्तिक नीतीनं कशावरून वागंल?

तुम्हाला खरंच फक्त देवाच्या भीतीनं चोरी करावीशी वाटत नाही का? नाही ना. आंध्रातले गोरा घ्या, गोपराजू रामचंद्र राव, कट्टर नास्तिक, आयुष्यभर अस्पृश्यतेविरुद्ध काम. 1944 पासून गांधीजींशी त्यांची भेट आणि वाद चालू होते, दोघांनी एकमेकाला बदललं नाही पण एकमेकाचा मान ठेवला. गोरांच्या मुलीचं दलित तरुणाशी लग्न सेवाग्रामला लावायचं ठरलं आणि त्या विधीत देवाच्या जागी सत्याचं नाव घ्यायला गांधीजी तयार झाले. लग्नाआधीच गांधीजींचा खून झाला, पण 1948 मध्ये लग्न सेवाग्रामलाच लागलं.

लेकरांना काय शिकवायचं?

प्रश्न विचारायला. आजीसोबत आरतीला जाऊ द्या, हरिपाठ पाठ होऊ द्या, गच्चीवर झोपायला नेऊन तारे दाखवा, अजिंठा-वेरूळ दाखवा, खुलदाबादचे दर्गे दाखवा, नांदेडला लंगरमध्ये पोळ्या लाटायला बसवा. आणि त्यानं विचारलं "पप्पा, देव असतो का" तर खरं उत्तर द्या, "मला वाटतं नाही, आजीला वाटतं आहे, तू मोठा झाल्यावर तुझं तू ठरव." नास्तिकपणा पण लेकरावर लादायचा नाही.

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहू?

2014 मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलंय की कोणालाही धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि माझा कोणताच धर्म नाही असं म्हणायचा पण हक्क आहे. घटनेच्या कलम 25 मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच ते येतं. पण अनुसूचित जातीच्या पोरापोरींनी घाई करू नका. 1950 च्या आदेशाप्रमाणं ती सवलत हिंदू, शीख आणि बौद्ध ह्यांनाच आहे, त्यामुळं रकाना बदलायच्या आधी जाणकार वकिलाला विचारा. स्वतःचं मत स्वतःपाशी पक्कं असलं की कागदाची घाई नसते.

मला घरी सांगायचंय की मी देव मानत नाही. कसं सांगू?

सणाच्या दिवशी नाही, घरात आजारपण असताना नाही, आणि आरतीचं ताट फिरवत असताना तर मुळीच नाही. एकेकाला, वेगवेगळं सांगा. आधी ज्याच्याशी तुमचं जमतं त्याला, बऱ्याच घरात ती आत्या नाहीतर मोठी बहीण असती. देव नाही हे सिद्ध करायला जाऊ नका, मला काय वाटतं एवढंच सांगा. कोणाच्या देवघराला, फोटोला, तुळशीला हात लावू नका, नाव ठेवू नका. आणि घरचे मारहाण करतील, शिक्षण बंद करतील अशी भीती असेल, खास करून पोरींनो, तर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत गप्प राहिलात तरी त्यात भित्रेपणा नाही.

घरचे पहिला प्रश्न देवाबद्दल विचारत नाहीत. विचारतेत की मंग तू आता सणाला घरी येणार का, पंगतीला बसणार का, आम्ही मेल्यावर खांदा देणार का. त्याची उत्तरं आधी ठरवून जा.